बरूचा दुसरा फुटवा

खळेवाडी, शिरूर कासारजवळ
दि. ११ जानेवारी १९८७

प्रिय सुंदर,
सप्रेम नमस्कार.

टक्!

मौलवीसाहेब बरूची काडी तासून अंगठ्याच्या नखावर धरायचे, चाकूचं पातं टोकावर टेकवायचे आणि एकच दाब द्यायचे. टक्! सगळा वर्ग त्या आवाजासाठी श्वास रोखून बसलेला असे. आवाज कोरडा, स्वच्छ आला तर लेखणी झाली. फसका आला तर काडी खिडकीबाहेर. तुझ्या किती काड्या खिडकीबाहेर गेल्या ते इथं लिहीत नाही, कारण तू आता चेअरमन आहेस आणि तुझी पत्रं म्हणे कारकून फोडतो.

पन्नास वर्षांनी काल तो आवाज पुन्हा ऐकला. तू पाठवलेला चाऱ्याचा ट्रक आला. धरणाच्या भिंतीखालच्या पाझरावरचा बरू, पुरुषभर उंच, वाळून कडक झालेला. त्यातली एक काडी काढली, ओसरीवर बसून तासली आणि टोक तोडलं. त्याच लेखणीनं हे लिहितो आहे. दौत सुकली होती, पाणी घालून शाई केली. अक्षर फिकं दिसलं तर समजून घे.

गावाची अवस्था सांगून तुला कंटाळा आणत नाही. दसऱ्याला निम्मं गाव कोयते घेऊन उसाला गेलं. बैल गाडीला जुंपून नेले, गाई-वासरं मागं राहिली आणि त्यांच्यासोबत आम्ही म्हातारे. दुधाचा थेंब नाही, तरी मी दूध संस्थेचा चिटणीस. म्हणून संस्थेच्या शेडात सगळ्यांची जनावरं एकत्र बांधून राखतो. आमच्याकडची रीत तुला माहीत नसेल. जाणारा माणूस दावं राखणाऱ्याच्या हातात देतो. अशा हवाली केलेल्या जनावराला निरगाठ मारायची नाही, सुरगाठच. निरगाठ मारली की जनावर मालकाला तुटलं, असं मानतात.

मंजुळाबाई जाताना तिच्या तांबूचं दावं माझ्या हातात देऊन म्हणाली, "मास्तर, गंगीचं पहिलं बाळंतपण चैतात हाय. पोरगी लई अशक्त, तिच्या अंगावर दूध येईल का न्हाई कुणाला ठावं. तांबू फाल्गुनात व्याली की दुधाची चिंता न्हाई. ही गाय न्हाई, नातवाची वाटी हाय." गंगी तिची एकुलती एक. तिला मी शिकवली. कविता अशी म्हणायची की फळ्यावरचा खडू थांबायचा. तेव्हापासून रोज पहाटे आधी तांबू उभी आहे का ते बघतो, मग देवाला हात जोडतो.

तुझ्या ट्रकानं पंधरवडा निघेल. आणखी मिळाला तर बघ.

तुझा,
उत्तरेश्वर


माजलगाव
दि. १६ जानेवारी १९८७

मास्तर,
रामराम.

पत्र पोचलं. कारकून फोडत नाही, मीच वाचतो. अक्षर मात्र मौलवीसाहेबांनी छडी दिली असती असं आहे. चारा पाठवला तर त्याच्या लेखण्या करून बसलास! ढोरं उपाशी आणि मास्तर काव्यात. तू जल्मात सुधरायचा न्हाईस, बे.

चाऱ्याची काळजी सोड. आपण कापला त्याच जागी बरूला दुसरा फुटवा आलाय. गुडघाभर, हिरवागार, लोण्यासारखा. इकडं भिंतीखाली ओल आहे म्हणून जगलाय, बाकी रान करपलं. येत्या शुक्रवारी शहादेव ट्रक घेऊन येईल. एक काम कर. ट्रकाला आमच्या सोसायटीचा कापडी फलक बांधलेला असेल. शिरूरचा फोटोवाला बोलावून फलक, जनावरं आणि गावकरी असा एक फोटो काढून ठेव. मार्चात कारखान्याची निवडणूक आहे. तुझं काव्य, माझं राजकारण; चारा ढोरांचा.

इकडं एक वाईट झालं. माझा उजवा बैल गेला. सोमवारी पाझरावर सोडला होता, तासाभरात गडी बोंबलत आला. जाऊन पाहतो तर पाय ताणलेले, तोंडाला फेस, धाप अशी की बरगड्या मोडतील. पाणी आणेपर्यंत खेळ खलास. पान लागलं. सापाचा दंश कुठं दिसला नाही, पण एवढ्या केसांत दिसणार कसा? डावा बैल दावणीला मान खाली घालून उभा आहे. असो.

सुंदर


तार
२० जानेवारी १९८७

बरू पाठवू नकोस. बैल पानानं नाही गेला. पत्र येतं आहे. उत्तरेश्वर


खळेवाडी
दि. २० जानेवारी १९८७

प्रिय सुंदर,

तार मिळाली असेल. तारेत कारण मावलं नाही आणि तारमास्तर प्रत्येक शब्दाला माझ्या तोंडाकडं बघत होता.

तुझं पत्र दुपारी आलं. फलकाचं वाचून हसलो. पुढं बैलाचं वाचलं आणि तेवढ्या ओळी पुन्हा वाचल्या. फेस, धाप, ताणलेले पाय, तासाभरात मरण, दंश नाही. सुंदर, हे मी पाहिलेलं आहे. लहानपणी आमच्या वासराला ज्वारीची किरळ लागली तेव्हा हुबेहूब असंच झालं होतं. कोवळ्या, तहानलेल्या ज्वारीत आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा ढोर जाऊ देत नाही.

पत्र खिशात घालून तसाच शिरूरला गेलो. ढोरांचे डॉक्टर धर्मराज तरुण आहेत, उतावळे आहेत, पण ऐकून घेतात. पत्रातल्या तेवढ्या ओळी वाचून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "मास्तर, बरू म्हणजे रानटी ज्वारीच की. सख्खी बहीण! पहिला चारा जून होता, वाळलेला होता, म्हणून पचला. हा दुसरा फुटवा सांभाळा."

मग त्यांनी समजावून दिलं, ते जसं कळलं तसं लिहितो. त्या कोवळ्या पानात धुरिन नावाचा एक पदार्थ असतो. तो एकटा कुणाला काही करत नाही. त्याला फोडणारा दुसरा एक रस त्याच पानात, पण शेजारच्या खोलीत कोंडलेला असतो. मधे भिंत. जनावरानं पान चावलं, किंवा आपण कुट्टी केली, की भिंत पडते, दोघे भेटतात आणि त्यातून सायनाइड सुटतं. सोनाराकडं असतं तेच. मग जनावर श्वास घेतं, रक्तात हवा असते, पण अंगाला ती घेता येत नाही. रक्त लालभडक होतं आणि जीव गुदमरतो. विहिरीच्या काठावर बसून तहानेनं मरावं तसं. आणि पाण्याचा ताण पडला, किंवा कापल्यावर नवा कोंब आला, की झाड हे विष जास्त साठवतं. या दुष्काळानं गवतसुद्धा कडू केलं रे.

आपण ज्वारीला भ्यालो, बरूला भ्यालो नाही. तो आपल्या मनात शाळेचा होता. मीच तुला आणखी पाठव म्हणून लिहिलं, आणि तेही त्याच्याच काडीनं. ती काडी आज चुलीत घातली.

एवढंच सांग: बैल मेला तेव्हा त्यानं काय खाल्लं होतं? पाझरावर दुसरं हिरवं काही आहे का? आणि ट्रक थांबव. इथं जनावरं इतकी भुकेली आहेत की हिरवं दिसलं तर माझं कुणी ऐकणार नाही.

उत्तरेश्वर


(शहादेव ड्रायव्हरच्या हाती)
माजलगाव
दि. २३ जानेवारी १९८७

मास्तर,

तार मिळाली, पत्र काल मिळालं. ट्रक पाठवतो आहे.

रागावू नकोस. सगळ्या तालुक्याला सांगून झालंय, फलक रंगवून झालाय, काल सोसायटीच्या आवारात नारळ फुटला. आता मागं घेऊ तर विरोधक म्हणतील, चेअरमननं गरिबाच्या तोंडचा चारा काढला. तुझा डॉक्टर पोरगा आहे. पुस्तकात वाचलं ते सांगतो. आपण बरूत लहानाचे मोठे झालो, लेखणीनं कुणी मेलं का बे? वर्गात भुजंगप्रयात तालावर म्हणून घ्यायचास आणि खरा भुजंग चावला तर तुला ओळखू येईना!

गड्यानं साप पाहिला आहे. बैलानं काय खाल्लं ते मी काय तोंड उघडून बघत बसलो नव्हतो.

थोडा थोडा घाल, म्हणजे झालं. फोटो विसरू नकोस.

सुंदर


खळेवाडी
दि. २६ जानेवारी १९८७

सुंदर,

आज शाळेत झेंडावंदन झालं. पोरं मोजकीच, बाकीची आई-बापांमागं उसाच्या फडात. झेंड्याला नमस्कार करतानाही माझं लक्ष मैदानाकडं होतं. तिथं तुझा बरू पसरला आहे.

शुक्रवारी दिवस मावळायला ट्रक आला. वास येताच शेडातली सगळी जनावरं एकदम हंबरली. तसा आवाज मी बहात्तरच्या दुष्काळातही ऐकला नव्हता. मी ट्रकाच्या मागच्या फाळक्यापुढं उभा राहिलो. म्हटलं, आज नाही. वाळवायचं. पातळ पसरून, कडक ऊन देऊन, काडी मोडली की कडकन वाजेपर्यंत. डॉक्टर म्हणतात, वाळताना विष हवेत उडून जातं.

चंद्रभागाबाई माझ्याहून मोठी, कुणाला भीत नाही. म्हणाली, "हिरवा चारा दारात आन् वाळवून घालायचा? कावून? तुमची कविता हाय का ती, रातभर भिजू घालून सकाळी म्हणायला?"

"चंद्रभागाकाकी, विष हाय त्यात."

"इष! अन् उपाशी मरत्यात ते काय अमृत पिऊन?"

लोक हसले. फोटोवाला बंकट गळ्यात कॅमेरा अडकवून उभा होता. तो म्हणाला, "मास्तर, उजेड जायला लागला. एक पेंढी गाईच्या तोंडापुढं धरा, तेवढाच फोटो घेतो."

"गाईच्या तोंडापुढं न्हाई," मी ओरडलो. इतका की शहादेव केबिनमधून खाली उतरला. तुझं पत्र त्यानं तेव्हाच हातात दिलं. ते वाचून घडी करून खिशात घातलं, लोकांना दाखवलं नाही. एवढं बरं की त्यानं माझी बाजू घेतली. "चेअरमनचा बैल मेलाय, आमी पाहिलाय. ऐका मास्तरांचं," म्हणाला. मग सगळ्यांनी मिळून बरू मैदानात पसरला. शेडाला बाहेरून काटेरी फांद्या लावल्या. मी तिथंच घोंगडं टाकून पडलो. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सुईचं औषध दवाखान्यात संपलंय. पण फोटो पक्का करायला बंकट जे हायपो वापरतो तेच या विषावर चालतं. त्याच्याकडून डबाभर आणून माझ्या उशाशी ठेवलं होतं. एवढी तयारी होती, सुंदर. एवढी.

पहाटे डोळा लागला. जाग आली ती चंद्रभागाबाईच्या हाकेनं. "मास्तर! तांबू भाईर हाय!"

सुरगाठ. हवाली केलेल्या गाईला मी सुरगाठच मारली होती. रात्रभर ओढून ओढून तिनं ती सोडवली आणि काट्यांतून अंग फाडून बाहेर गेली. तिच्यामागून दोन म्हशी. म्हशींनी दोन-चार घासच घेतले होते. तांबू गाभण, ती भुकेली. तिनं मैदानाचा कोपरा साफ केला होता.

मी पोचलो तेव्हा ती उभी होती, डोळे मोठे करून. एवढा श्वास मी कुठल्याच जनावराचा पाहिला नाही. हायपो पाण्यात कालवून बांबूच्या नळ्यानं पाजायला गेलो तर ती गुडघ्यावर आली. चंद्रभागाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. औषध निम्मं बाहेर सांडलं. तिच्या हिरड्या लालबुंद होत्या, जिवंत माणसाच्या ओठांपेक्षा लाल. मग पोटातलं वासरू हललं. वरून दिसलं हललेलं. आणि दोघंही थांबली.

म्हशी वाचल्या. उरलेलं सगळं औषध त्यांना पाजलं. डॉक्टर आले, म्हणाले, "तुम्ही थांबवलं नसतं तर शेड रिकामं झालं असतं." खरं असेल. पण ज्या एका जनावराकडं बघून मी रोज हात जोडत होतो तेच गेलं, याचा हिशेब कोणत्या गणितात बसतो?

चंद्रभागाबाई त्या दिवसापासून माझ्याशी चेष्टा करत नाही. ते जास्त लागतं.

सुंदर, तू मला उत्तर दिलं नव्हतंस. बैलाच्या तोंडात काय होतं?

उत्तरेश्वर


माजलगाव
दि. २ फेब्रुवारी १९८७

उत्तरेश्वर,

शहादेवनं तोंडी सगळं सांगितलं होतं. तुझं पत्र आलं तरी चार दिवस फोडलं नाही.

बैलाच्या तोंडात बरू होता. दाढेत हिरवा घास अडकलेला मी पाहिला, माझ्या बोटानं काढला. गड्यानं साप पाहिला नाही. मीच त्याला म्हटलं, पान लागलं असं सांग. आदल्याच दिवशी सभेत चाऱ्याचं बोलून बसलो होतो. तुझी तार आली तेव्हा वाटलं, थोडं थोडं घातलं तर निभावेल. खोटं वाटत नव्हतं तेव्हा. आपण ठरवलं की तसंच असतं, अशी सवय लागलीय इतक्या वर्षांत.

पाझरावरचा सगळा फुटवा कापून वाळत टाकलाय, भोवती माणूस बसवलाय. तुमच्याकडं आता कडबा पाठवतो, फलकाशिवाय.

पण एक ऐक. मंजुळाबाई तिकडं दूर फडात आहे. पाडव्याशिवाय येत नाही. तिला सांग की गाय पानानं गेली. साप कुणाच्या हातातला नसतो, माणूस रडून मोकळं होतं. विष म्हटलं तर ते कुणी पाठवलं, कुणी सांभाळलं, सगळं निघणार. तुझंही नाव निघेल. पाडव्याच्या आधी मी माझ्या गोठ्यातली व्यायला झालेली गाय तुझ्याकडं पोचवतो, तिचं दूध गंगीच्या लेकराला मिळेल. मग काय बिघडलं? उलट टपाली कळव.

सुंदर


खळेवाडी
दि. १४ फेब्रुवारी १९८७

सुंदर,

उलट टपाली कळवता आलं नाही. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.

तुझ्यावर रागावलो नाही असं नाही. पण तू घास बोटानं काढलास हे लिहिलंस, त्याला या वयात छाती लागते. गाय पाठव. कालवडीसकट पाठवलीस तरी घेईन, नाही म्हणणार नाही, कारण ती तू मला देत नाहीस, त्या लेकराला देतोस. पण 'पान लागलं' हे मी सांगणार नाही. उद्या कुणी तरी पाझरावरचा कोवळा बरू कापून दुसऱ्या गाईपुढं टाकील, सापाला शिव्या देत. इथल्या प्रत्येकाला कळलं पाहिजे की तहानलेल्या बरूत काय असतं. मी शाळेतल्या पोरांना शिकवायला सुरुवात केली आहे, चालीवर बसवून:

जून वाळला बरू भला, कोवळा फुटवा घात,
तहानेल्या हिरव्या पानी मरण बसे लपून आत.

वृत्तात बसत नाही. पोरांना त्याचं काही वाटत नाही, दिवसभर म्हणतात.

मंजुळाबाईला काय सांगायचं याची रोज मनात तयारी करतो. पाडव्याला अजून दीड महिना आहे. तोवर तुझी गाय येईल, शेडात बांधलेली असेल. आधी ती दाखवायची, मग तांबूचं सांगायचं. की आधी तांबूचं? आधी ट्रक, मग सुरगाठ? जन्मभर पोरांना सांगितलं, अर्थ कळला की कविता तोंडी येते. हे तर मला शब्दन् शब्द कळतंय, आणि तोंडी येत नाही. रात्री उठून शेडात जातो. तिची जागा रिकामी ठेवली आहे, कुणाला बांधू देत नाही. हे चूक आहे, जागा कमी आहे, पण

दार वाजलं. डॉक्टरांचा माणूस असेल, म्हशी तपासायला येतो म्हणाला होता. आलोच.

सुंदर, मंजुळाबाई आली आहे.

एकटीच ओसरीवर बसली आहे. तिला तांब्या दिला, गूळ आणतो म्हणून आत आलो आणि हे लिहितो आहे. गंगी आठव्या महिन्यातच बाळंत झाली, फडातच. मुलगा आहे, मुठीएवढा. तिच्या अंगावर दूध नाही. एका उसाच्या ट्रकावर बसून दोघांना घेऊन आली; पोरगी आणि बाळ चंद्रभागाबाईच्या घरी टेकवून ही तडक इकडं. चंद्रभागाबाई काही बोललेली दिसत नाही. माझ्यावर ठेवलं तिनं.

मंजुळाबाईच्या डोक्यावर उसाच्या वाढ्यांची, शेंड्याच्या पानांची पेंढी होती, हिरवी, पाण्याचं फडकं गुंडाळलेली. इतक्या लांबून. आल्या आल्या म्हणाली, "मास्तर, तांबू व्याली का? महिनाभर आदुगर व्याली आसंल तर लई बरं हुईल बघा."

मी म्हटलं, "पाणी पी आधी."

ती पाणी प्याली. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. आता म्हणते आहे, "गूळ ऱ्हाऊ द्या हो मास्तर. तिला आधी हे वाढं घालून येते, मग बसते."

पेंढी उचलते आहे. तिच्या आधी मला दारात पोचलं पाहिजे.